मातीच्या डुकराच्या पोटातला इतिहास

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजवाडे, देवळे आणि शिलालेख उभे राहतात. पण ज्या रयतेच्या कष्टावर राज्य चालले, तिचा माग कुठे काढायचा? पुष्कळदा तो साध्या खापरांत सापडतो.

इंडोनेशियातल्या जावा बेटावर, पूर्वेकडे, त्रोवुलान नावाचे गाव आहे. १२९३ साली स्थापन झालेल्या मजपहित राज्याची राजधानी याच परिसरात होती, असे मानतात. १३६५ साली प्रपंच नावाच्या कवीने ‘नागरकृतागम’ हे काव्य रचले. त्यात राजा हयम वुरूक, त्याचा दरबार, त्याचे दौरे, सारे काही आहे. सामान्यांच्या घरातली शिल्लक मात्र कवी कशाला मोजील? ती सांगतात इथल्या जमिनीतून निघालेली मातीची डुकरे.

भाजलेल्या मातीचे गुबगुबीत डुक्कर, पोट पोकळ, आणि पाठीवर नाणे जाईल एवढी चीर. म्हणजे आपल्या जत्रेत मिळतो तसा गल्लाच की! जावानी भाषेत रानडुकराला ‘चेलेंग’ म्हणतात, आणि गल्ल्याला ‘चेलेंगान’. आजही तिथे गल्ला कोणत्याही आकाराचा असो, नाव तेच.

यात टाकीत काय? सन १३०० च्या सुमारास जावाच्या बाजारात चिनी तांब्याची नाणी रूढ झाली. मधोमध चौकोनी भोक असलेली, अल्प किमतीची. किरकोळ व्यवहाराला सुटा पैसा आला, तसा एकेक पैसा बाजूला टाकणेही सोपे झाले. पैसे काढायचे तर डुक्कर फोडायचे! म्हणून अखंड डुक्कर विरळा, खापऱ्याच फार. जकार्ताच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या संग्रहात असे एक डुक्कर आहे.

आता दुसरी बाजू पाहा. त्रोवुलानची माती विटांना उत्तम. पोटासाठी लोकांनी तिथे विटा पाडल्या, आणि त्या मातीबरोबर जुने थरही भट्टीत गेले. त्यांना दोष कसा द्यावा? पण वस्तू उचलून परस्पर विकली, की ती कोणत्या थरात होती, शेजारी चूल होती की विहीर, हे कायमचे पुसले जाते. उरते ती शोभेची बाहुली.

म्हणून गुरुजी, उद्या एखादा मुलगा शेतातले जुने खापर घेऊन वर्गात आला, तर ते फेकू नका. ‘कुठे सापडले, किती खोल, जवळ काय होते?’ एवढे विचारा, आणि लगेच वहीत टिपून ठेवा. जागा ठाऊक असली, तरच खापर बोलते.