बडवाहचे लग्न

आपल्या इंदूरकर मराठी घरांत आता कुणाची तरी लेक किंवा सून अमेरिकेत असतेच. नवरा तिकडे, बायको इकडे. मग व्हिसासाठी अर्ज, विवाह नोंदणीचा दाखला, पोलिसांचे प्रमाणपत्र आणि शेवटी वाणिज्य दूतावासात मुलाखत. माझ्या भाचीची ही धावपळ चालू होती. एकदा वैतागून म्हणाली, "मामा, चारशे माणसं जेवली लग्नाला. आणखी काय पुरावा हवा?"

मला बडवाह आठवले. १७ मार्च १९२८ रोजी तेथे तुकोजीराव होळकर (तिसरे) आणि सिॲटलच्या नॅन्सी मिलर यांचे लग्न झाले. महाराजांनी १९२६ मध्येच गादी सोडली होती. नॅन्सीबाई हिंदू होऊन शर्मिष्ठादेवी झाल्या.

त्या काळी अमेरिकेत १९२२ चा केबल कायदा लागू होता. नागरिकत्वास अपात्र असलेल्या परदेशी पुरुषाशी लग्न केले, की अमेरिकन स्त्रीचे नागरिकत्व जाई. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना अपात्रच ठरवले होते. म्हणजे नवऱ्याला तिकडे नेणे दूरच, बायकोचाच देश सुटे. स्त्रियांवरची ही अट १९३१ मध्ये गेली. भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क १९४६ मध्ये मिळाला. प्रवेशाचा कोटा मात्र वर्षाला अवघा १०० जणांचा.

भाचीला म्हटले, "तेव्हा कागद मागतच नव्हते, दारच बंद होते. आज मागतात, तर नीट जमवून दे."

यंदाचा गणपती तिने नवऱ्याबरोबर तिकडेच बसवला. ज्यांचे अर्ज अजून अडकले आहेत, त्यांचेही विघ्न बाप्पा दूर करो.