खात्यातली हवा

आमच्या घरात कूलर आला तो १९७९ सालच्या मे महिन्यात, हातगाडीवर उताणा पडून. गाडी ओढणारा एक, मागून ढकलणारा मी, आणि पुढे रस्ता मोकळा करणारी गल्लीतली दहा-पंधरा पोरं. एवढी मिरवणूक माझ्या लग्नातसुद्धा निघाली नव्हती. कूलर म्हणजे हल्लीसारखी चाकांवर घरभर हिंडणारी प्लॅस्टिकची गोजिरवाणी वस्तू नव्हे. गावातल्याच एका पत्रेवाल्यानं ठोकून केलेली, लोखंडी कपाटाचा धाकटा भाऊ शोभावी अशी ती पेटी होती. तीन बाजूंना जाळ्या, जाळ्यांत पिवळं गवत, चौथ्या बाजूला पंखा, तळाशी हौद आणि हौदातलं पाणी वर चढवून गवतावर सोडणारा मुठीएवढा पंप. 'कुठंबी न्या, हलवता येतंय,' असं पत्रेवाल्यानं छातीठोकपणे सांगितलं होतं. चार माणसं मिळाली तर ते खरंही होतं.

माजघराच्या खिडकीशी त्याची प्रतिष्ठापना झाली. आईनं हळदकुंकू वाहिलं. मी बटण दाबलं. पेटी आधी थरथरली, मग खाकरली आणि एकदम ओल्या लाकडाच्या वासाचा असा झोत बाहेर आला की आई म्हणाली, "अगोबाई, महाबळेश्वरच की!" ती महाबळेश्वरला कधी गेली नव्हती, पण मीही गेलो नव्हतो, त्यामुळे मी ते मान्य केलं.

मानाची खुर्ची अर्थातच अण्णांची. आमचे अण्णा गिरणीत रिंग खात्यात तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. त्यांना झोतासमोर बसवलं. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, सुखावले. दोन मिनिटांनी त्यांनी खांद्यावरच्या पंचानं मान पुसली आणि उठले.

"बंद कर रे ते. ही खात्यातली हवा आहे."

आणि बाहेरच्या कट्ट्यावर, जिथं दुपारच्या झळांत पायातली चप्पलसुद्धा सावली शोधते, तिथं जाऊन बसले!

पावणेदोन महिन्यांच्या पगाराचा असा अपमान कुणालाही झोंबेल. कुणी भांडतो, कुणी जेवत नाही. मी पेशानं इतिहासाचा मास्तर. अपमान झाला की मी पुस्तकं उघडतो. म्हटलं, गारव्याचा इतिहास तरी पाहू. त्यात अण्णांविरुद्ध काही पुरावा मिळतोय का बघू.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की सोलापूरचा इतिहासच मुळी मे महिन्यात घडतो. जनरल मन्रोनं इथला भुईकोट किल्ला घेतला तो १८१८ च्या मे महिन्यात. त्या उन्हात लोकरी डगला चढवून लढायला येणाऱ्या गोऱ्या शिपायाचं शौर्य मी नाकारत नाही, अक्कल नाकारतो. १९३० साली गावात मार्शल लॉ लागला तोही मे महिन्यातच. तेव्हा गाव तापलं होतं ते मात्र उन्हानं नव्हे, आणि त्यापायी पुढच्या जानेवारीत चार माणसं फासावर गेली. असल्या गावात गारव्याला इतिहास असणारच.

गारव्याचं शास्त्र आपल्याकडे माठाला ठाऊक होतं. लिटरभर पाणी शेगडीवर ठेवून पुरतं आटवायला जेवढी उष्णता लागते, जवळजवळ तेवढीच उष्णता तेच पाणी नुसतं वाऱ्यावर वाळतानाही घेतं. शेगडी नसली की ती घेतं कुणाकडून? जवळच्या हवेकडून. हवा लुबाडली जाते आणि गार पडते. कूलर म्हणजे माठालाच पंखा लावलेला. अट एकच, हवा तहानलेली पाहिजे. सोलापूरची मेमधली दुपारची हवा म्हणजे जन्माची तहानलेली. आर्द्रता पंचवीस टक्क्यांच्या आसपास. वाळत घातलेलं धोतर दुसरं टोक पसरेपर्यंत पहिलं टोक वाळलेलं असतं. माझ्या दादरच्या मेहुण्यानं आमचा कूलर पाहून हट्टानं तसाच एक करवून मुंबईला नेला. तिथली हवा आधीच पोटभर पाणी प्यालेली. महिन्याभरात त्यांच्या पुस्तकांना बुरशी आली आणि पापड नरम पडले. त्याचा दोष आजही आमच्या घराण्याकडे आहे.

हे शास्त्र बादशहांनाही कळलं होतं. अबुल फजलनं ऐन-ए-अकबरीत वाळ्याच्या खोल्यांची हकिकत दिली आहे. बांबूच्या चौकटीत वाळा भरायचा, त्यावर पाणी मारायचं, की ऐन उन्हाळ्यात आत हिवाळा. पाणी गार करायला सोरा वापरीत तेही त्यानं लिहून ठेवलंय. पुढं साहेब आला. त्यानं दारंखिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावल्या, छताला झालरीचा पंखा टांगला आणि त्याची दोरी व्हरांड्यातल्या माणसाच्या हाती दिली. एवढ्यानं भागेना, तेव्हा थर्मँटिडोट नावाचं एक यंत्र निघालं. नाव औषधासारखं, रूप कोठारासारखं. आत फिरणारी मोठी पाती, बाजूंना ओला वाळा, आणि गार हवेचं तोंड साहेबाच्या खोलीत. अलाहाबादेत राहिलेल्या फॅनी पार्क्स नावाच्या बाईंनी १८५० साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात या यंत्राचं कौतुक केलंय. वाचता वाचता मी उठून आमच्या पेटीकडे पाहिलं. तीच की ही! वाळ्याऐवजी लाकडाचं गवत, आणि बाहेर उन्हात दांडा फिरवणाऱ्या माणसाऐवजी विजेची मोटर. बाकी फरक नाही. त्या दांडा फिरवणाऱ्याला गार हवा किती लागत असे, याचा उल्लेख बाईंच्या पुस्तकात शोधू नये.

उष्णतेच्या यंत्रांबद्दल सोलापुरात लिहिणं म्हणजे कोकणात नारळ विकणं. तरी एक आहे. बाळंतिणीच्या बाजेखालची शेगडी. खोलीची दारं बंद, निखाऱ्यांवर ओवा, धुरानं आई आणि मूल दोघांचे डोळे लाल. ही कुठंही उचलून नेता येते, म्हणजे पत्रेवाल्याच्या कूलरपेक्षा जास्त 'हलवता येण्याजोगी'. बंद खोलीतले निखारे विषारी वायू सोडतात हे आता सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा आमच्या आजीला माहीत नव्हतं. माझा जन्म मेचा. सोलापुरातल्या मे महिन्यात, बंद खोलीत, शेगडीवर मी बारा दिवस भाजलो गेलोय. माझा रंग घराण्यातल्या इतरांपेक्षा वेगळा का, याचं दुसरं कारण मला सुचत नाही.

इथवर अण्णांविरुद्ध पुरावा चांगला जमत होता. बादशहाला जी हवा मानवली ती गिरणी कामगाराला का मानवू नये? आणि मग मी हातात घेतला खुद्द गिरण्यांचा इतिहास. तिथं माझा खटला ढासळला.

सूत म्हणजे मोठी नाजूक जात. कोरड्या हवेत ते ठिसूळ होतं आणि तटातट तुटतं. दमट हवेत कापसाचं सूत उलट बळकट होतं. विलायतेत लँकेशायरची हवा मुळातच ओलसर, म्हणून सुताचं तिथं बरं जमलं. तरीही मागांच्या खात्यात तिथले मालक वाफ सोडीत, आणि विणकरांनी इतकी ओरड केली की १८८९ साली पार्लमेंटला या ओलाव्यावर मर्यादा घालणारा कायदा करावा लागला. आमच्या गावात पहिली मोठी कापडगिरणी निघाली १८७७ साली. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, जिला गाव पुढं जुनी गिरणी म्हणू लागलं. ही हवा, आणि सूत! लँकेशायरात देवानं फुकट दिलेली हवा आमच्याकडे बनवावी लागायची. कताईला साधारण साठ टक्के ओलावा, विणाईला ऐंशीच्या घरात. छताजवळच्या तोट्यांतून पाण्याचं धुकं सोडायचं, आणि खिडक्या बंद. वारा आला की तार तुटते.

आमच्या पूर्व भागात मागावर बसणाऱ्या तेलुगू मामांना हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. खड्ड्याचा माग जमिनीत उतरलेला, पाय गार ओलसर खड्ड्यात आणि भोवतीच्या जमिनीवर पाण्याचा शिडकावा. "पंखा का लावत नाही, मामा?" म्हणून मी लहानपणी विचारलं होतं. "पंखा लावला की मला बरं वाटतंय, सुताला नाही वाटत," असं उत्तर मिळालं होतं.

अमेरिकेतही हेच. विलिस कॅरियर या इंजिनिअरनं १९०२ साली हवा आवरणारं यंत्र आखलं ते ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी. दमट हवेत कागद फुगे आणि रंगावर रंग बसेना. आणि 'एअर कंडिशनिंग' हा शब्द १९०६ साली काढला स्टुअर्ट क्रेमर यांनी. ते होते कापडगिरण्यांचे इंजिनिअर! म्हणजे यंत्र कागदासाठी, शब्द सुतासाठी. माणसाचा नंबर नंतर, आणि त्यातही आधी तिकीट काढलेल्या माणसाचा. मुंबईचं रीगल थेटर १९३३ साली उघडलं तेच वातानुकूलित होतं. बाहेरच्या गिरणगावात त्याच वेळी सुतासाठी धुकं सोडणं चालू होतं.

या सगळ्यावर कडी म्हणजे आपला १९४८ चा फॅक्टरी कायदा. त्याचं पंधरावं कलम अशा कृत्रिम ओलाव्याबद्दल होतं. त्यात स्पष्ट म्हटलं होतं की या कामी वापरायचं पाणी सार्वजनिक पुरवठ्यातलं किंवा पिण्याच्या पाण्याचं असलं पाहिजे, नाहीतर शुद्ध तरी करून घेतलं पाहिजे. कायदा शहाणपणाचाच होता, कारण ते धुकं माणसांच्या छातीत जातं. पण सोलापुरात राहून तो वाचताना कसंतरीच होतं. इंग्रजांनी १८७१ साली हिप्परग्याचा तलाव पुरा केला, १९८० साली उजनीचं धरण झालं, तरी आमच्या नळाची आणि आमची भेट चार-चार दिवसांनी होते. नळाच्या दिवशी पाहुणे आले तर आम्ही त्यांना भांडी भरायला लावतो. असल्या गावात कूलर दुपारभरात दोन घागरी पाणी पिऊन मोकळा. आईनं महाबळेश्वरचा पहिला उत्साह ओसरल्यावर त्याचं नाव 'जावई' ठेवलं होतं.

मी पुस्तकं मिटली आणि हिशेब केला. अण्णा रोज आठ तास, तीस वर्षं, सुताला मानवणाऱ्या हवेत उभे होते. बाहेर बेचाळीस डिग्री, आत त्याच उष्म्यात धुकं. घाम येतो पण वाळत नाही, कारण हवेला तहानच नाही. माठाचं शास्त्र माणसालाही लागू आहे, पण घाम वाळला तरच. सुट्टी झाली की ते घरी आल्या आल्या तडक कट्ट्यावर बसत, आणि आई म्हणे, "आत या की, बाहेर आग लागलीय." ती आग अंगावर घ्यायलाच ते बसत असत, हे मला तिशीत, इतिहासाच्या पुस्तकातून कळलं. वडील घरात होते, विचारलं असतं तरी चाललं असतं.

नंतर बरीच यंत्रं आली. १९८८ साली अहमदाबादेत सिंफनी कंपनी निघाली आणि कूलर देखणा झाला. आता चाकांवरचा एअर कंडिशनरही मिळतो, एक जाडजूड सोंड खिडकीबाहेर काढून बसलेला. माझी मुलगी अमेरिकेत मिनियापोलिसला असते. तिनं परवा फोनवर सांगितलं, हिवाळ्यात हिटर लावून घरातली हवा इतकी कोरडी होते की नातवाच्या नाकातून रक्त येतं, म्हणून त्याच्या खोलीत ह्युमिडिफायर आणलाय, रात्रभर धुकं सोडतो. मी म्हटलं, "अगं, हिटर लावून आधी घराचं सोलापूर केलंस, आणि आता गिरणी काढलीस."

अण्णांचं सांगायचं राहिलं. पाच-सहा वर्षं त्यांनी कूलरसमोर बूड टेकलं नाही. मग एका मे महिन्यात मी शाळेतून दुपारी लवकर आलो. घरात कुणी नव्हतं आणि पेटीचा आवाज येत होता. अण्णा समोर खुर्चीवर बसले होते. उजवा हात झोतात धरलेला, आणि अंगठा नि बोट एकमेकांवर हळूहळू चोळत होते, तुटलेली तार सांधताना करतात तसं.

"काय बघायलाय, अण्णा?"

"हवा बघायलोय." त्यांनी हात काढला नाही. "आज तार तुटायची नाही."

कूलर कुणी लावला, का लावला, हे मी विचारलं नाही. त्यांनीच थोड्या वेळानं मान वळवली.

"पाणी जरा बारीक सोड. इथलं मालकाचं नाही, आपलं आहे."