ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाल्यावर काय बदलतं?

2014 नंतर राज्यातल्या अनेक तालुक्यांच्या गावी ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली. सरपंचाच्या जागी नगराध्यक्ष, ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी, 17 प्रभाग आणि 17 नगरसेवक. घरकुलासाठीही ग्रामीणऐवजी शहरी योजनेकडे जावं लागतं.

पण मोठा बदल वेगळाच, आणि तो बहुतेकांच्या उशिरा ध्यानात येतो: ग्रामसभा बंद होते. ग्रामपंचायतीत वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. गणपूर्तीला 15 टक्के किंवा 100 मतदार, यातला कमी आकडा पुरतो. त्याआधी महिलांची सभाही असते. नळाला पाणी का नाही, गटारीचे पैसे गेले कुठं, हे तिथं कोणीही मतदार उभा राहून विचारतो. नगरपंचायतीच्या सर्वसाधारण सभेत मात्र नगरसेवकच बोलतात.

शहरांसाठी 2009 मध्ये कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद झाली, ती कागदावरच जास्त दिसते. त्यामुळे लोकांच्या हातात उरतं ते लेखी निवेदन (पोच घ्यायला विसरू नये) आणि माहिती अधिकाराचा अर्ज. त्याचं उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं.