वाटीभर उजेड

"अरे, एवढा महागाचा फोन घेतला, तरी फोटो असे का येतात?" हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी ऐकायला मिळतो. ऑफिसात माझी ओळख 'कॅमेरावाला' अशी झाली आहे, त्यामुळे नवा फोन घेतलेला प्रत्येक जण चहाच्या वेळी माझ्या टेबलाशी येऊन उभा राहतो. नेटवर सापडणारी उत्तरं ठरलेली असतात. ग्रिड लावा, माणूस मधोमध उभा करू नका, सकाळ-संध्याकाळचं ऊन गाठा. सगळं बरोबर आहे हो. पण का, ते कोणी सांगत नाही. आणि आपण पडलो इंजिनिअर. का ते कळल्याशिवाय आपल्या पचनी काही पडत नाही. म्हणून ह्या वीकांताला थोडा इतिहास.

सुरुवातीचा भाग पटकन उरकतो. ११ जून १९९७ रोजी कॅलिफोर्नियात सांता क्रूझ इथे फिलिप कान नावाच्या गृहस्थांना मुलगी झाली. प्रसूतिगृहातच त्यांनी कॅसिओचा डिजिटल कॅमेरा, लॅपटॉप आणि मोटोरोलाचा फोन असं एकमेकांना जोडलं, आणि लेकीचा फोटो सुमारे २००० ओळखीच्यांना पाठवून दिला. कॅमेरा आणि फोन एकत्र नांदू शकतात हे त्या जुगाडाने दाखवलं. २००० साली जपानमध्ये शार्पचा जे-एसएच०४ आला. कॅमेरा पाठीवर, १ लाख १० हजार पिक्सेल. २००२ मध्ये नोकिया ७६५०. मग आपल्याकडच्या कॉलेजांतला लाडका ६६००, मग एन७३ आणि त्याचे ३.२ मेगापिक्सेल... पुढचं तुम्हाला माहीतच आहे. दरवर्षी आकडा वाढत गेला आणि दुकानदार तोच आकडा सांगून फोन विकत राहिले.

ह्या सगळ्या गडबडीत एक गोष्ट मात्र कुणी जाहिरातीत सांगितली नाही. आकडा वाढत होता, पण उजेड पकडणारी चिप बरीच वर्षं जवळजवळ तेवढीच राहिली. फोन खिशात मावायला हवा ना!

थोडं गणित करू. जुन्या ३५ मिलीमीटर फिल्मची एक चौकट ३६ बाय २४ मिलीमीटरची, म्हणजे ८६४ चौरस मिलीमीटर. कितीतरी वर्षं फोनांत असायची ती 'एक-तृतीयांश इंची' म्हणवली जाणारी चिप साधारण ४.८ बाय ३.६ मिलीमीटरची, म्हणजे सतराच्या आसपास. पन्नास पटींचा फरक.

ह्याने बिघडतं काय? पावसात अंगणात एक घंगाळ ठेवा आणि शेजारी काही वाट्या. पाऊस सगळ्यांवर तोच. पण मिनिटभराने बघितलंत तर एका वाटीत सात थेंब, शेजारचीत अकरा. घंगाळात एवढे थेंब पडतात की असा फरक जाणवतही नाही. प्रकाशाचंही असंच आहे, तो कणाकणांनी पडतो. फोनचा प्रत्येक पिक्सेल म्हणजे ती वाटी. भर उन्हात वाट्या लगेच भरतात, म्हणून दुपारी समुद्रकिनारी कुठल्याही फोनने काढलेला फोटो बरा येतो. संध्याकाळी घरात, ट्यूबलाइटखाली, थेंब कमी पडतात आणि शेजारशेजारच्या पिक्सेलांचं एकमेकांशी जुळेनासं होतं. चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखे ठिपके दिसतात ते हेच.

आता उजेड वाढवायचे उपाय तीनच. भोक मोठं करा, चिप मोठी करा, नाहीतर वेळ वाढवा. नोकियाने २०१२ साली ८०८ प्युअरव्ह्यूमध्ये दुसरा उपाय केला. भलीमोठी चिप, ४१ मेगापिक्सेल, आणि बऱ्याच वाट्यांतलं पाणी एकत्र ओतून ५ मेगापिक्सेलचा नितळ फोटो. माझ्या मते तो त्या काळातला सगळ्यात प्रामाणिक कॅमेरा-फोन होता. पण पाठीवर कुबड असलेला तो जाडजूड फोन फारसा चालला नाही. बाकीच्यांनी तिसरा रस्ता धरला. वेळ. आणि इथे इतिहास एकदम दीडशे वर्षं मागे जातो.

१८५०च्या दशकात फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे नावाचा छायाचित्रकार समुद्राचे फोटो काढत होता. त्या काळच्या काचेच्या प्लेटी निळ्या रंगाला फार हळव्या. समुद्र नीट यावा म्हणून पुरेसा उजेड दिला की आकाश पांढरंफटक, आणि ढग धरायला गेलं की समुद्र काळाकुट्ट. ल ग्रेने सरळ दोन काचा वापरल्या, एक समुद्राची आणि एक आकाशाची. कागदावर छापताना क्षितिजाशी त्या जोडून टाकल्या. लोक चकित झाले. गंमत म्हणजे काही वेळा त्याने तेच ढग दोन वेगवेगळ्या समुद्रांवर वापरले आहेत! (हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.)

२०१० साली आयफोनमध्ये 'एचडीआर' आलं ते तत्त्वतः हेच. एक फोटो अंधारा, एक मधला, एक उजळ, आणि तिन्हींची गोळाबेरीज. भानगड अशी की तीन फोटो वेगवेगळ्या वेळेचे. मधल्या वेळात पोरगं पळालं की फोटोत त्याची दोन-दोन भुतं.

गूगलच्या एचडीआर-प्लस मंडळींनी ह्यावर २०१३ च्या नेक्सस ५ पासून फार देखणी तोड काढली. स्टॅनफर्डचे प्राध्यापक मार्क लेव्हॉय ह्या कामाचे प्रमुख होते. (त्यांची डिजिटल फोटोग्राफीवरची व्याख्यानं नेटवर फुकट आहेत, जरूर बघा.) त्यांनी सगळे फोटो सारखेच काढले, तेही मुद्दाम अंधारे. मग ते एकमेकांवर बसवून सरासरी काढली. ठिपके यादृच्छिक असतात, त्यामुळे सरासरीत ते एकमेकांना खाऊन टाकतात. सोळा फोटोंची सरासरी काढली तर ठिपके चौथ्या हिश्श्यावर येतात, वर्गमूळाचा हिशोब. मग काळोखातला भाग सॉफ्टवेअरने वर उचलायचा. अंधारे का काढायचे? कारण काळोखात काहीतरी शिल्लक असतं, पण पांढरं झालं ते गेलं. काठोकाठ भरलेल्या वाटीत नंतर किती थेंब पडले ते कसं सांगणार? २०१८ च्या नाइट साइटने हेच तत्त्व पार अंधारापर्यंत ताणलं. त्यात फोन आधी तुमचा हात किती हलतोय ते मोजतो आणि त्यावरून एकेका फोटोला किती वेळ द्यायचा ते ठरवतो.

एवढं कळलं की नेटवरच्या टिपा पाठ कराव्या लागत नाहीत. तुम्ही एकदा बटण दाबता तेव्हा फोन एक नाही, डझनभर फोटो वापरतो. त्यातले कित्येक तर तुम्ही बोट टेकवण्याच्या आधीचे असतात. म्हणून बटण दाबून लगेच हात खाली घेऊ नये. रात्रीचा फोटो असेल तर कोपर पोटाशी धरावं, नाहीतर फोन सरळ कठड्याला टेकवावा. हात जितका स्थिर, तितका जास्त उजेड तुम्ही फोनला उधार दिलात. आणि दोन बोटांनी झूम केलंत म्हणजे (वेगळी झूम लेन्स नसेल तर) सतरा चौरस मिलीमीटरमधलाच एक तुकडा कापून मोठा केलात. त्यापेक्षा चार पावलं पुढे जावं.

असो. इथपर्यंत सगळी सुरस कथा आहे. मला खटकतं ते ह्याच्या पुढचं.

डझनभर फोटोंतून एक बनवायचा म्हणजे कोणीतरी निर्णय घ्यायचे, आणि तो कोणीतरी म्हणजे तुमच्या-माझ्यासारखाच कोड लिहिणारा माणूस. २०१८ साली आयफोन एक्सएस आला तेव्हा लोक ओरडायला लागले की सेल्फीत चेहरे गुळगुळीत येतात, अॅपलने चोरून ब्यूटी फिल्टर लावलाय. प्रत्यक्षात तो बग होता. अनेक फोटोंतून 'मूळ' म्हणून सगळ्यात स्पष्ट फोटो निवडायचा, तिथे भलताच निवडला जात होता. आयओएस १२.१ मध्ये दुरुस्त झाला. एका चुकीच्या निवडीने लाखो लोकांची त्वचा बदलली, विचार करा.

२०२३ च्या मार्चमध्ये एका पठ्ठ्याने चंद्राचा फोटो मुद्दाम धूसर केला, मॉनिटरवर लावला, खोलीत अंधार केला आणि लांबून सॅमसंगच्या फोनने त्याचा फोटो काढला. फोनने त्यात खड्डे भरून दिले! समोर नसलेले खड्डे. चंद्र ओळखला की त्याचे बारकावे आमचं एआय वाढवतं, असा कंपनीचा खुलासा. ल ग्रेचे ढग आठवले का? फरक इतकाच, की कुठले ढग लावायचे हे ल ग्रे स्वतः ठरवायचा.

चंद्राचं एक वेळ चालेल, तो काही तक्रार करत नाही. माणसांच्या चेहऱ्याचं काय? हाही जुनाच रोग आहे. कोडॅकने गेल्या शतकाच्या मध्यापासून रंग जुळवायला लॅबना जी कार्डं दिली त्यांवर गोऱ्या बायकांचे फोटो असत. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्यांना 'शर्ली कार्ड' म्हणायचे. तिची कातडी बरोबर आली म्हणजे रंग बरोबर. सावळ्या लोकांचं काय होतं ह्याची फिकीर कुणाला नव्हती. फिल्म सुधारली त्यामागे चॉकलेट आणि फर्निचर बनवणाऱ्यांच्या तक्रारीही होत्या, तपकिरी छटा नीट येत नाहीत म्हणून. हे तिथे काम केलेल्यांनीच पुढे सांगितलं. गूगलने पिक्सेल ६ मध्ये 'रिअल टोन' आणलं ते थेट २०२१ साली.

मागच्या वर्षी आमचे मोठे काका गेले. तेराव्याच्या आधी हार घालायला फोटो हवा होता. आम्ही सगळी चुलत भावंडं आपापले फोन घेऊन रात्री बसलो. फोटोंना तोटा नव्हता. लग्नं, वाढदिवस, गणपती, शेकड्यांनी. पण एकातही काका काकांसारखे दिसेनात. ते चांगले काळेसावळे, गालावर देवीचे व्रण, दोन दिवसांची पांढरी खुंटं. फोटोत मात्र गोरापान गुळगुळीत कोणीतरी सद्गृहस्थ. कुठे ब्यूटी मोड, कुठे रात्रीची सरासरी. काकू एकेक फोटो बघायच्या आणि मान हलवायच्या. शेवटी नातवाच्या एका जुन्या, मेगापिक्सेलांनी अगदीच गरीब फोनमध्ये एक सापडला. सकाळची वेळ, काका गॅलरीत पेपर वाचत बसलेत, बाजूने उजेड येतोय, आणि नातवाने हाक मारल्यावर चष्म्यावरून बघतायत. व्रण दिसत होते. काकू म्हणाल्या, "हा लाव."

त्या फोनला काही ठरवायची गरजच पडली नव्हती. वाट्या भरलेल्या होत्या.

तेव्हापासून घरातल्या कोणाचा फोन हातात आला की मी आधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ब्यूटी, फेस रिटच, जे काय नाव असेल ते शून्यावर आणतो. (गूगलने २०२० पासून पिक्सेलमध्ये ते आपणहून बंद ठेवायला सुरुवात केली, बरं केलं.) आई-बाबांचे फोटो काढायचे तर त्यांना खिडकीशी बसवतो. खिडकी त्यांच्या पाठीशी नको, एका बाजूला हवी. दोन पावलं मागे सरकून टू-एक्स लावतो, नाहीतर जवळून नाक उगीच मोठं येतं. एवढ्यासाठी वाटीतलं थोडं पाणी सांडलं तरी चालतं, खिडकीशी ते भरपूर असतं.

दिवाळीत आजी पणत्या लावत असेल तेव्हा मात्र खिडकी नसते. तेव्हा तिच्या चेहऱ्यावर बोट टेकवा, शेजारी सूर्याचं चिन्ह येईल, ते ज्योतीचा पिवळा रंग दिसेपर्यंत हळूहळू खाली ओढा, आणि कोपर टेकवून दोन सेकंद श्वास धरा. तिचा निम्मा चेहरा काळोखात राहील. राहू दे.