ध्वनी गेला, शब्द उरला

अभ्यस्त शब्दांचा तिसरा प्रकार म्हणून अनुकरणवाचक शब्द आम्ही वर्गात दोन वाक्यांत आटोपतो. वास्तविक हा वाद प्राचीन आहे. 'काक' हे ध्वनीचे अनुकरण, असे यास्क निरुक्तात म्हणतो. औपमन्यव ते नाकारून 'हाकलण्याजोगा तो काक' अशी व्युत्पत्ती देतो. मोल्सवर्थच्या कोशाने (१८३१) असे शेकडो मराठी शब्द आदराने नोंदवले.

आमच्या भडगावात गिरणेची 'खळखळ' आता बारमाही नाही; मोटेबरोबर तिच्या चाकाची 'करकर'ही गेली. मोटारसायकलींचा पूर्वीचा आवाज राहिला नाही, तरी जुन्या माणसांच्या तोंडी 'फटफटी' आहेच. ध्वनी लोपल्यावरही शब्द त्याची साक्ष देतो. म्हणून हे शब्द व्याकरणाइतकेच इतिहासाचेही साधन आहेत, आणि ते तसे शिकवले पाहिजेत.