नगरातील उपाश्रय

सह्याद्रीतील बौद्ध लेण्यांच्या इतिहासात भिक्षुणी फारशा दिसत नाहीत, आणि त्याचे एक कारण त्यांच्या निवासाच्या जागेतच आहे. विनयाने, म्हणजे संघाच्या आचारसंहितेने, भिक्षुणींना सुरक्षिततेसाठी अरण्यवास वर्ज्य केला होता, त्यामुळे त्यांची वस्ती ओघानेच गावात किंवा नगरात, उपासकांच्या शेजारी असे. उपासक म्हणजे संसारात राहून धर्म पाळणारे गृहस्थ. डोंगरात कोरलेली घरे टिकली, नगरातली मातीला मिळाली. जुन्नरच्या एका लेखात मात्र गिरिभूती नावाच्या दात्याने दिलेल्या लेण्याबरोबर आणि पोढीबरोबर (पोढी म्हणजे खडकातले पाण्याचे टाके) नगरातील धर्मोत्तरीय पंथाच्या भिक्षुणी-उपाश्रयाचाही, म्हणजे भिक्षुणींच्या निवासस्थानाचाही, उल्लेख येतो. लेणे आणि टाके डोंगरावर, उपाश्रय खाली नगरात. एवढ्या एका ओळीवरून त्या नाहीशा झालेल्या वास्तूची जागा कळते.

अशा उपाश्रयाचा रोजचा खर्च कसा भागत असे, हे शिलालेखांपेक्षा पाली विनयातील भिक्षुणींच्या नियमांवरून अधिक उमगते. नियमांमागच्या कथा घडल्या तशाच लिहिल्या गेल्या असे मानण्याचे कारण नाही, परंतु जो व्यवहार लोकांच्या परिचयाचा नाही त्यावर कोणी नियम करत नाही. एका कथेत, एका पूगाच्या, म्हणजे व्यावसायिकांच्या संघटनेच्या, आवारात राहणाऱ्या भिक्षुणींना पेजेची चणचण भासते, तेव्हा पूगाचे लोक आपसांत वर्गणी काढून ती एका दुकानदाराकडे ठेवतात आणि त्याच्याकडून तांदूळ आणवून पेज शिजवून घ्यावी, असे भिक्षुणींना सांगून जातात. भिक्षुणी त्या रकमेतून तांदळाऐवजी औषध आणवतात, वर्गणीदारांच्या कानावर ते जाते आणि कुरबूर सुरू होते. पुढे एका कामासाठी दिलेले दान दुसऱ्या कामाला वापरू नये असा नियम होतो. औषधाची गरज खरी असेलही, पण पेजेसाठी पैसे देणाऱ्याला पेजच शिजलेली हवी होती. चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, कापडविक्याकडे ठेवलेल्या वर्गणीचीही अशीच कथा आहे. भिक्षुणींच्या हाती रोकड न देता दुकानात खाते ठेवण्याची ही रीत, संघाने द्रव्य स्वीकारू नये या बंधनातून काढलेली व्यवहारी वाट होती.

वास्तूचे दान याहून नाजूक ठरे. दुसऱ्या एका कथेतील उपासक भिक्षुणीसंघाला कोठार देऊन मरण पावतो. त्याच्या दोन मुलांपैकी एक श्रद्धाळू, दुसरा अश्रद्ध, आणि वाटणीत ते कोठार नेमके अश्रद्धाच्या वाट्याला येते. तो भिक्षुणींना बाहेर निघायला सांगतो, तेव्हा थुल्लनंदा नावाची भिक्षुणी न्यायाधिकाऱ्यांकडे जाते आणि दान साक्षीदारांसमक्ष झाल्याचे सांगून दावा जिंकते. विनयात मात्र पुढे भिक्षुणींनी वाद कोर्टकचेरीत नेऊ नयेत असा नियम झाला. दाता गेल्यावर वारसांच्या मर्जीवर टिकणारे छप्पर किती भरवशाचे असणार, हे थुल्लनंदेला नियम करणाऱ्यांपेक्षा बरे कळले होते असे म्हणावे लागते.

भिक्षुणींना केवळ दान घेणाऱ्या समजणेही चुकीचे होईल. रायगड जिल्ह्यातील कुडा येथील एका लेखानुसार पदुमिनिका नावाच्या प्रव्रजितेने, म्हणजे घर सोडून दीक्षा घेतलेल्या स्त्रीने, लेणे आणि पोढी दान केली, आणि बोधी व आसाळ्हमिता या तिच्या अंतेवासिनी, म्हणजे शिष्या, त्या दानात सहभागी होत्या. कार्ल्यालाही कोडी नावाच्या भिक्षुणीचे दान आहे, आणि तिथे तिची ओळख घुणिकाची आई अशी दिली आहे. द्रव्याचा त्याग केलेल्या स्त्रीकडे लेण्याचा खर्च आला कोठून, याचे उत्तर या नात्यांतच शोधावे लागते, कारण दीक्षेने नाती तुटत नव्हती आणि माहेरची किंवा मुलाची मदत भिक्षुणीच्या नावाने संघापर्यंत पोहोचू शकत होती. पदुमिनिकेच्या लेखात तिची आई नागनिका आहे, आणि तीही प्रव्रजिता आहे. पातिमित आणि अगिमित हे दोन मामा आहेत, दोघेही थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्षू. वडिलांचे नाव तेवढे नाही.