नव्या मत्स्यालयातील पाणी बिघडते तेव्हा...

दिवाणखान्याच्या कोपऱ्यात काचेची टाकी मांडली जाते, तळाशी रंगीत खडी अंथरली जाते, नळाचे पाणी भरले जाते आणि त्याच संध्याकाळी प्लास्टिकच्या पिशवीतून आणलेले दहा-बारा मासे त्यात सोडले जातात. दोन दिवस घरातील मुले टाकीसमोरून हलत नाहीत. तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ दिसू लागते. आठवडा उलटतो न उलटतो तोच एखादा मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतो आणि पंधरवड्यात निम्मी टाकी रिकामी होते. दुकानदाराने आजारी मासे दिले, असा घरच्यांचा समज होतो. प्रत्यक्षात दोष बहुतेक वेळा पाण्यात असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. मत्स्यपालनाची हौस असणारे या प्रकाराला 'न्यू टँक सिंड्रोम' म्हणतात.

अदृश्य विष

मासे आपल्या शरीरातील नायट्रोजनयुक्त टाकाऊ द्रव्य मुख्यत: कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने बाहेर टाकतात. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. नदीत किंवा तळ्यात तो विरून जातो. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत मात्र काठोकाठ भरले तरी जेमतेम ५६ लिटर पाणी मावते. एवढ्याशा पाण्यात अमोनिया साचत जातो आणि माशांचे कल्ले पोळून निघतात.

जुन्या, स्थिरावलेल्या टाकीत हे संकट येत नाही, कारण तेथे जिवाणूंची वसाहत झालेली असते. जिवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइटमध्ये, तर दुसरा नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतो. रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९० च्या सुमारास असे जिवाणू मातीतून वेगळे केले. मत्स्यालयात नायट्राइट संपविण्याचे काम 'नायट्रोबॅक्टर' करतात, असे पुढे दीर्घकाळ मानले जात होते. गोड्या पाण्याच्या टाक्यांत हे काम प्रामुख्याने 'नायट्रोस्पायरा' गटाचे जिवाणू करतात, हे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले.

या जिवाणूंची वाढ अतिशय संथ असते. कुजविणारे सामान्य जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकतात. यांना त्यासाठी साधारण एक दिवस लागतो. त्यामुळे टाकी स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे जातात. पहिल्या एक-दोन आठवड्यांत अमोनिया चढतो. तो उतरू लागला की नायट्राइट चढते. नायट्राइट रक्तातील हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची क्षमता हिरावून घेते. कल्ले तपकिरी पडतात आणि पंप सुरू असूनही मासा गुदमरतो.

रंगावरून निदान

पाण्याचा प्रत्येक रंग धोक्याचा नसतो. पाणी भरताक्षणीच गढूळ दिसले, तर ती न धुतलेल्या खडीची धूळ होय. खडी बादलीत घेऊन निवळ पाणी येईपर्यंत धुणे, हाच त्यावरील उपाय. दोन-चार दिवसांनी येणारा दुधाळपणा पाण्यात तरंगणाऱ्या जिवाणूंचा असतो. खाद्य कमी केल्यास तो बहुधा आपोआप निवळतो. लाकडाच्या ओंडक्यातून उतरणारा चहासारखा रंग सहसा अपायकारक नसतो. काचेवरील तपकिरी थर नव्या टाकीत नेहमीचाच. तो पुसून काढता येतो. हिरवे पाणी मात्र सूक्ष्म शेवाळाचे लक्षण आहे. टाकी खिडकीच्या उन्हापासून दूर ठेवावी आणि दिवा दिवसातून आठ तासांपेक्षा अधिक काळ लावू नये.

याउलट अमोनिया किंवा नायट्राइट वाढलेले पाणी स्फटिकासारखे स्वच्छ दिसू शकते. म्हणूनच मासे विकणाऱ्या दुकानांत मिळणारा पाणी-परीक्षण संच ही चैन नव्हे, गरज आहे. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आणि नायट्रेट लिटरमागे ४० मिलिग्रॅमपेक्षा कमी, ही स्थिरावलेल्या टाकीची खूण होय.

सामू म्हणजेच पीएचही तपासावा. सामू ७ वरून ८ वर गेला, तर त्याच अमोनियातील विषारी अंश सुमारे दहापट होतो. बोअरवेलच्या पाण्याचा सामू अनेकदा अधिक असतो. शिंपले आणि संगमरवरी खडीनेही तो चढतो. खडीच्या खड्यावर लिंबाचा रस टाकून पाहावा. बुडबुडे आले, तर ती न वापरणेच बरे.

संपूर्ण पाणी बदलू नये

पाणी बिघडल्याचे दिसताच अनेक घरांत टाकी पूर्ण रिकामी केली जाते, खडी घासली जाते आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुतला जातो. नेमके येथेच चुकते. उपयोगी जिवाणू पाण्यात फारसे नसतात. ते स्पंजवर आणि खडीवर चिकटलेले असतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन त्यांना मारते आणि सारी प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मेथिलीन ब्लूसारखे औषध खबरदारी म्हणून टाकीत ओतण्याची सवयही या जिवाणूंच्या मुळावर येते.

अमोनिया किंवा नायट्राइट लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या वर गेल्यास पाव ते अर्धे पाणी बदलावे. आवश्यकता भासल्यास हे रोज करावे. नवे पाणी टाकीतील पाण्याइतक्याच तापमानाचे असावे. साधे क्लोरीन २४ तास उघड्या बादलीत पाणी ठेवल्यास बरेचसे उडून जाते. क्लोरामाइन मात्र असे उडत नाही. त्यामुळे सोडियम थायोसल्फेटयुक्त क्लोरीननाशक वापरणे अधिक सुरक्षित ठरते. पावसाळ्याच्या तोंडावर नळाला गढूळ किंवा क्लोरीनचा उग्र वास असलेले पाणी आल्यास एक-दोन दिवस थांबणे श्रेयस्कर. नायट्राइट चढलेले असताना ५० लिटर पाण्यात साधारण पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा मीठ विरघळवून घातल्यास त्यातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून रक्तात शिरण्यास अडथळा करते. स्पंज धुवायचाच झाल्यास टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच पिळावा.

या काळात खाद्य दिवसातून एकदाच आणि दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. निरोगी मोठे मासे दोन-तीन दिवस सहज उपाशी राहू शकतात. वीज गेल्यास फिल्टरमधील जिवाणूंना प्राणवायू मिळत नाही. वारंवार वीज जाणाऱ्या भागात बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप जवळ असावा.

आधी विरजण, मग मासे

सर्वांत उत्तम मार्ग म्हणजे मासे आणण्यापूर्वीच टाकी तयार करणे. त्यात फिल्टर सुरू ठेवून अमोनियाचा पुरवठा करावा लागतो. रोज चिमूटभर खाद्य टाकून किंवा शुद्ध अमोनियम क्लोराइडची मोजकी मात्रा देऊन तो करता येतो. कल्हईसाठी मिळणारा नवसागर रासायनिकदृष्ट्या तोच असला, तरी त्यातील अशुद्धीची खात्री नसल्याने तो टाळावा. ओळखीच्या कुणाकडे निरोगी, जुनी टाकी असेल, तर तिच्या फिल्टरमधील स्पंजचा तुकडा किंवा मूठभर खडी आणावी. दुधाला विरजण लावावे, तसा हा प्रकार आहे. तो तुकडा ओला ठेवून लगेच नव्या फिल्टरमध्ये बसविल्यास बराच कालावधी वाचतो.

दोन्ही विषारी घटक शून्यावर आल्यानंतर प्रारंभी झेब्रा डॅनियोसारखे तीन-चार काटक, लहान मासे सोडावेत आणि दर पंधरवड्याने चाचणी करून संख्या वाढवावी. भरपूर विष्ठा करणारे गोल्डफिश काचेच्या गोल भांड्यात ठेवण्याची पद्धत देखणी असली, तरी माशांसाठी जाचक आहे. पुढे दर आठवड्याला २० ते २५ टक्के पाणी बदलत राहावे.

रिकाम्या टाकीकडे महिनाभर पाहत बसणे मुलांना कंटाळवाणे वाटेल, हे खरे. मात्र परीक्षण संचातील रंग रोज वहीत नोंदविण्याचे काम त्यांच्याकडे सोपविले, तर हा महिनाही रिकामा जात नाही. शिवाय त्यानंतर टाकीत येणारे मासे त्यांना डोळ्यांदेखत मरताना पाहावे लागण्याची शक्यता पुष्कळच कमी होते.